खोकल्यानंतरची जागा

माइकच्या तोंडावर स्पंजचा जो काळा टोप असतो, त्याला माणसांच्या तोंडाचा वास येतो. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. केंद्रात ध्वनीचं काम धरलं तेव्हा मला वाटलं होतं, आपला संबंध ध्वनीशी येईल. आला तो थुंकीशी. भाषण करणाऱ्याची, गाणाऱ्याची, आभार मानणाऱ्याची आणि आभार मानणाऱ्याचे आभार मानणाऱ्याची, सगळ्यांची थुंकी त्या टोपात मुरत जाते आणि मी ती अधूनमधून साबणाच्या पाण्यात पिळून काढतो. करडं पाणी निघतं. आमच्या दारावर ‘सांस्कृतिक ठेवा व विनिमय केंद्र’ अशी पाटी आहे. त्यातला ठेवा मी बादलीत पिळतो, आणि विनिमय म्हणाल तर तो स्पंजात आधीच होऊन गेलेला असतो. त्या दुपारी असाच एक टोप पायाशी ठेवलेल्या बादलीत पिळत, कानाला हेडफोन लावून मी पाहुण्यांच्या तालमीचा आवाज तपासत होतो, आणि कानात बाबा खोकले.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आधी घशातली कोरडी खरवड, जणू कोणी रिकाम्या डब्याचा तळ चमच्यानं खरडतंय. मग छातीतून उपसून आलेली लांब उबळ, शेवटाकडे ओली होत जाणारी. मग गिळणं. आणि गिळल्यावर बारीकसं ‘हं’, म्हणजे काही झालेलं नाही, चालू द्या. माझ्या सगळ्या लहानपणामागे हा खोकला एखाद्या जुन्या पंख्यासारखा चालू होता. मी त्यात अभ्यास केला, त्यात जेवलो, त्यात झोपलो. हात बादलीत तसाच ठेवून मी मान वर केली. समोर रंगमंचावर दूरच्या शहरातून आलेलं पाहुण्यांचं पथक दोन रांगांत उभं होतं, तीसेक माणसं, सगळ्यांच्या अंगात करडे सदरे, सगळ्यांचे हात हवेत, काहीतरी मोठं आणि सपाट धरल्यासारखे. ती माणसं खोकत होती. खरवड बायकांकडे दिली होती. उबळ पुरुषांकडे. गिळून ‘हं’ म्हणायचं काम शेवटच्या रांगेतल्या एका ताडमाड उंच माणसाकडे होतं आणि तो ते डोळे मिटून करत होता. मग सगळे गप्प झाले, माना खाली घातल्या, आणि बऱ्याच वेळानं पुढचा शब्द एका सुरात आला: ‘उचल.’ अनोळखी माणसाच्या तोंडात आपल्या घरचा टूथब्रश दिसावा तसं मला काहीतरी झालं.

बाबा काच वाहायचे. खिडक्यांच्या, दुकानांच्या दर्शनी भागाच्या मोठाल्या काचा लिफ्टमध्ये मावत नाहीत, त्या जिन्यानं न्याव्या लागतात. चौघं जण पट्टे लावून धरतात, आणि मागच्या तिघांना पुढचं काही दिसत नाही. म्हणजे दिसतं सगळं, काचच ती, पण पायाखालचं दिसत नाही. म्हणून पुढच्यानं ओरडायचं आणि मागच्यांनी उत्तर द्यायचं. ‘उचल.’ ‘उचलली.’ ‘पायरी.’ ‘आली.’ ‘कड सांभाळ.’ ‘सांभाळली.’ ‘वळ.’ ‘वळलो.’ ‘टेक.’ ‘टेकली.’ पुढे नेहमी बाबा असायचे. जिने नसत तेव्हा ते दुकानामागच्या खोलीत काचेच्या कडा चाकावर घासायचे, आणि त्या घासण्याची पिठासारखी पांढरी भुकटी त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि छातीच्या आत बसत गेली. जिन्यात मध्येच खोकला आला की मागचे तिघं जागच्या जागी थिजायचे. त्यांच्यातले गोटीकाका, डोक्यावर एक केस नव्हता म्हणून गोटीकाका, काच खांद्याशी धरून म्हणायचे, “थांबा रे, साहेबांचं भाषण सुरू झालं.” बाबा गिळायचे, ‘हं’ म्हणायचे, आणि काच पुन्हा चालू लागायची. एवढीच ती परंपरा. तीत गाणं कुठे आहे हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. “अरे, ते नुसतं बोंबलणं आहे,” ते मला म्हणाले होते, “काच फुटू नये म्हणून. गाणं म्हटलं असतं तर फुटली नसती का?”

पण मी केंद्रात नोकरीला होतो आणि एकदा चहाच्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, की आमचे बाबा असं असं ओरडायचे. मॅडमनी, म्हणजे आमच्या संचालिकाबाईंनी, कप खाली ठेवला. “घरात एवढा वारसा, आणि तू गप्प?” त्या म्हणाल्या, जणू मी गादीखाली सोनं लपवलं होतं. बाबांना तेव्हा घराबाहेर पडवत नव्हतं, म्हणून आम्हीच यंत्र घेऊन आमच्या घरी गेलो. माझ्याच घरात मी माझ्याच वडिलांच्या सदऱ्याला माइक लावला. खाटेवर उशांना टेकून बसलेल्या बाबांनी समोर काच नाही, जिना नाही, मागे माणसं नाहीत, अशा अवस्थेत ‘पायरी’ म्हटलं आणि उत्तराची वाट बघत बसले. शेवटी ‘आली’ मीच म्हणालो. ‘कड सांभाळ’पाशी त्यांना उबळ आली. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “पाणी घ्या आधी.” ती ते नेहमीच म्हणायची. खोकला संपला की ते यायचंच, भांडं घासता घासता, कणीक मळता मळता, एकदा तर झोपेत. बाबा पाणी प्यायले, म्हणाले, ‘उचल’, आणि पुढचं सांगितलं. केंद्रात परत आल्यावर मी खोकला कापला. मॅडमनी तो परत घालायला लावला. “तो श्वास आहे,” त्या म्हणाल्या, “कष्टाचा श्वास. तो कापायचा नाही. पण मागे ती कोणीतरी बाई बोलतेय, ती काढ.”

“ती आई आहे, मॅडम.”

“असेल ना. पण ती परंपरेत नाही.”

मी आईला काढलं. तिच्या जागी शांतता भरली; असली कोरी शांतता आम्ही डब्यातल्या साखरेसारखी साठवून ठेवलेली असते. मग ती ध्वनिफीत ‘काचवाहकांची पदे’ या नावानं विनिमयात दूरच्या शहराला गेली, आणि बदल्यात त्यांच्या होडीवाल्यांच्या हाका आमच्याकडे आल्या. त्यात मागे एक कुत्रं भुंकत होतं. आमच्या समूहगायनाच्या पथकानं ते कुत्रंही बसवलं. बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी गेले वर्षभर सकाळी गच्चीत उभे राहून भुंकण्याचा रियाज करत होते, आणि त्यांची बायको शेजाऱ्यांना सांगत होती की हे आंतरराष्ट्रीय आहे. हे सगळं मला माहीत होतं, आणि मी त्यावर हसतही होतो. बाबांचा खोकलाही कोणी असाच घोटत बसलं असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्याचं कुत्रं भुंकतं तेव्हा गंमत वाटते.

आणि संध्याकाळी आई येणार होती. पहिल्या रांगेत. तिचा सत्कार होता.

सकाळीच तिनं मला विचारलं होतं, “ती माणसं तुझ्या बाबांचं सगळं म्हणणार ना रे?” मी म्हटलं होतं, “सगळं.” बाबा गेल्यापासून तिची झोप गेली आहे. आतल्या खोलीत तिला शांतता सोसत नाही म्हणून ती बाहेर, रस्त्याच्या अंगाला झोपते. तिथे कुठल्यातरी स्कूटरचा, कुठल्यातरी शटरचा आवाज येत राहतो आणि त्यावर ती थोडं डुलकते. खोकला हा शब्द आमच्या घरातून निघून गेलाय. मला घसा साफ करायचा झाला तर मी जिन्यात जातो. तिनं ठेवणीतले कपडे काढून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवले होते, आणि मी आता हात बादलीत बुडवून विचार करत होतो की त्या खुर्चीतल्या आईच्या अंगावर तीस माणसं एकदम खोकणार आहेत.

मी मॅडमकडे गेलो.

“मॅडम, ते खोकतायत.”

“कोण?”

“सगळे.”

“मग एसी कमी कर ना.”

“गारठ्यानं नाही. मुद्दाम. तो बाबांचा खोकला आहे.”

मॅडमचे डोळे भरून आले. ते फार लवकर भरतात. केंद्रात टेबलाटेबलावर कागदी रुमालांची खोकी त्यासाठीच असतात. “काय निष्ठा आहे बघ,” त्या म्हणाल्या. “आपल्याला आपल्याच गोष्टींची किंमत नसते.” त्यांच्या अत्तराला गोड कुजकट वास होता, फुलदाणीत राहून गेलेल्या पाण्यासारखा. मी म्हटलं, आई समोर बसणार आहे, तिला नाही सोसायचं, तेवढा भाग गाळा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हे पाहुण्यांना सांगायला हवं, कारण आता ते त्यांचंही आहे.

पाहुण्यांचा म्होरक्या खाण्याच्या टेबलापाशी बिस्किटं चहात बुडवून खात होता. बिस्किटाचा अर्धा भाग कपात तुटून पडला होता आणि तो तुकडा म्होरक्या बोटानं शोधत होता. त्याला आमची भाषा येत नव्हती. तीसही जणांनी सगळी पदं अर्थावाचून पाठ केली होती. मधे आमची दुभाषी उभी राहिली, माझ्याच वयाची, दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलून चेहरा पुसल्यासारखा झालेली.

“त्यांना म्हणावं, खोकला गाळा.”

ती त्याच्याशी बोलली. “ते विचारतायत, कुठला खोकला?”

“जो सगळे मिळून खोकतात तो.”

“ते म्हणतायत, त्यांच्यात त्याला दुसरं कडवं म्हणतात. सगळ्यात अवघड तेच आहे. दोघांचा घसा गेला, त्यांना घरी ठेवून आलेत.”

“त्यांना सांग, ते माझे वडील आहेत.”

तिनं सांगितलं. म्होरक्यानं बोट कपातून काढलं, पँटला पुसलं आणि हात छातीवर ठेवून खाली वाकला. मग हळू आवाजात काहीतरी विचारलं. दुभाषी जरा थांबली.

“ते विचारतायत, तुझ्याकडे ते अजून शिल्लक आहे का?”

“काय?”

“दुसरं कडवं.”

“सांग, मला साधी सर्दीसुद्धा होत नाही.”

हे तिनं जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण म्होरक्याच्या चेहऱ्यावर एखादी बोलीभाषा नष्ट झाल्याचं दुःख आलं. मग त्यानं दुसरा प्रश्न काढला. कडव्यानंतर जी शांतता येते, तिचा अर्थ काय? त्यांच्याकडे तिच्यावर चर्चासत्र झालं होतं. एकाचं म्हणणं, ते काचेचं पारदर्शकपण. दुसऱ्याचं म्हणणं, तो मृत्यू. पथकातच दोन गट पडलेत, त्यांचं आता एकमेकांशी बोलणं नाही. मी म्हणालो, तिथे एक बाई होती. दुभाषीनं ते भाषांतरित केलं. म्होरक्यानं बराच वेळ मान हलवली आणि ते तिसरं मत म्हणून लिहून घेतलं.

मला सगळ्याचीच शिसारी आली. बिस्किटाच्या लगद्याची, अत्तराची, सतरंजीतून येणाऱ्या ओलसर मोज्यांच्या वासाची, आणि स्वतःचीही, कारण या सगळ्यांना दरवर्षी दिवाणखान्यासारखं स्वच्छ ऐकू यावं ही सोय मीच करत होतो. मी सभागृहामागच्या माझ्या काचेच्या खोलीत जाऊन बसलो. बाबा ती काच बघते तर म्हणाले असते, कड नीट घासलेली नाही. समोरच्या पाटावर सरकपट्ट्या होत्या, एकेका माइकची एकेक. मी ठरवलं. ‘कड सांभाळ’ झालं की सगळे माइक शून्यावर. तीस माणसं तोंडं उघडतील आणि काही येणार नाही. यंत्रातला बिघाड. वाटल्यास मला काढून टाका.

संध्याकाळी सभागृह भरलं. आधी बँकवाले भुंकून घेऊन खाली उतरले. पाहुण्यांपैकी एकानं डोळे पुसले, बाकीच्यांनी हसू दाबलं. मग आईला वर बोलावलं. मानपत्र, फुलं, मॅडमच्या डोळ्यांना रुमाल. निवेदकानं आईच्या हातात माइक दिला आणि म्हणाला, दोन शब्द. आईनं माइककडे बघितलं, मग हळूच वास घेतला. मी तो दुपारीच धुतला होता म्हणून मला बरं वाटलं. “मी काय बोलू,” ती म्हणाली, “बोलायचे ते.” आणि खाली येऊन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पथक वर चढलं.

‘उचल.’ ‘उचलली.’ शब्द मोडके, पण हाक बाबांचीच, तीच चढण, शेवटी तोच झोका. रिकाम्या हातांतली काच ती माणसं इतकी जपून नेत होती की मला तिची कड दिसायला लागली. ‘पायरी.’ ‘आली.’ पहिल्या रांगेत आईचे ओठ हलत होते. ‘कड सांभाळ.’ ‘सांभाळली.’ मी दोन्ही पंजांनी सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या.

आता सांगायचं म्हणजे, तीस माणसांना खोकायला माइक लागत नाही. सभागृह काही फार मोठं नाही. खरवड आली, उबळ आली, छतावरून परत आली, काचेतूनही मला ऐकू आली; आणि यंत्र बंद असल्यामुळे ती उलट अधिकच घरातली वाटली, शेजारच्या खोलीतून आल्यासारखी. ताडमाड माणसानं गिळलं. ‘हं.’ सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि मला आईच्या मांडीवरचा माइक दिसला. तो कोणी परत घेतलाच नव्हता. त्याची पट्टी पाटाच्या दुसऱ्या टोकाला होती, तिच्यापर्यंत माझे हात पोचलेच नव्हते. ती पूर्ण वर होती.

“पाणी घ्या आधी,” आई म्हणाली.

मोठ्यानं नाही. भांडं घासता घासता म्हणावं तसं. पण त्या वेळी सभागृहात जिवंत असा तेवढा एकच माइक होता, आणि तिचा आवाज चारी भिंतींतून, मागच्या दारांच्या वरून, खुर्च्यांखालून एकदम आला. आईनं दचकून वर बघितलं, कोण बोललं म्हणून. रंगमंचावर तिसांच्या तीस माना वर झाल्या. म्होरक्यानं अर्थ विचारायला विंगेतल्या दुभाषीकडे बघितलं, तिनं तो सांगितला, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर बघू नये. हरवलेला दात सापडल्यासारखा आनंद. पारदर्शकपण आणि मृत्यू एकमेकांच्या गळ्यात पडले. मॅडमनी रुमालांचं अख्खं खोकं संपवलं.

घरी जाताना रिक्षात मी आईकडे बघायचं टाळत होतो. ती बाहेर बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “तो उंच माणूस फार घाईनं गिळतो.”

मी रिक्षाच्या मीटरकडे बघू लागलो.

“इतक्या लवकर बरं वाटत नसायचं त्यांना. सांग त्याला.” आणि थोड्या वेळानं, “पण खोकतात चांगलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला दोघांनाही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बोलावलं होतं. पाहुण्यांची बस दुपारी निघायची होती, त्याआधी आईचं ते वाक्य स्वच्छ हवं होतं. आता ते परंपरेत आलं होतं. बाहेरच्या पायऱ्यांवर पथकातल्या बायका चौघी चौघींनी बसून “पानी ग्या आदी, पानी ग्या आदी” असं घोटत होत्या; एकीनं त्यात हळूच तान घातली. मॅडमनी आईला काचेपलीकडे स्टुलावर बसवलं, तिच्यासमोर माइक आला, लाल दिवा लागला. मी अलीकडे. मॅडम माझ्या मागे, म्होरक्या त्यांच्या मागे, सगळ्यांचा श्वास माझ्या मानेवर.

“पाणी घ्या आधी,” आई म्हणाली. बसची घोषणा असावी तसं.

“सहज म्हणा हं, काकू,” मॅडम म्हणाल्या. “घरच्यासारखं.”

आईनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तर तिला हसू आलं. “उगाच कसं म्हणू?” ती म्हणाली. “खोकायला कोणीतरी लागेल ना.”

हे मॅडमना एकदम पटलं. म्होरक्यानं ताडमाड माणसाला बोलवायला दुभाषीला पिटाळलं, पण तो सामान चढवायला बसकडे गेला होता. मग मॅडमचा हात माझ्या खांद्यावर आला, कालच्याच जागी. “तूच खोक ना,” त्या म्हणाल्या. “तुझ्या रक्तात आहे ते.” मी वळून बघितलं. सगळे माझ्या छातीकडे बघत होते. माझ्या लक्षात आलं की मला तो येतो. अगदी पूर्ण येतो, खरवड, उबळ, गिळायच्या आधीचं थांबणं, सगळं, कुणाही पथकापेक्षा चांगला, आणि तो आत कधीपासून तयार उभा आहे. मी बोलण्याचं बटण दाबलं, म्हणजे तिला पलीकडे ऐकू जाईल. तोंडाशी माइक होता. मी छाती भरून श्वास घेतला.

काचेपलीकडे आईनं हात वर केला.

“तू नको रे,” ती म्हणाली.

तेवढंच. मी तो श्वास तसाच सोडला, आवाज न करता. लाल दिवा चालू होता, संगणकाच्या पडद्यावर तिच्या तीन शब्दांचा एक छोटासा डोंगर उमटला होता, बाकी सगळं सपाट. म्होरक्यानं त्या डोंगराकडे बोट दाखवून दुभाषीला काहीतरी विचारलं. दुभाषीनं माझ्याकडे बघितलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा भाषांतर न करता ती गप्प राहिली.

“हे मधलं काढून टाक,” मॅडम म्हणाल्या. “ते काही त्यातलं नाही.”

नोकरीच्या इतक्या वर्षांत मॅडमचं एवढं मनापासून मी कधीच ऐकलं नव्हतं. मी तो डोंगर दोन्ही बाजूंनी धरला आणि पुसला. मग टाकलेल्या तुकड्यांचा डबा उघडून तिथूनही पुसला. मग त्या मुद्रणाची आपोआप ठेवली जाणारी दुसरी प्रत असते, ती शोधून पुसली. आता जगात कुठेही, कुठल्याही मंचावर, करडे सदरे घालून तीस माणसं एका सुरात ते म्हणू शकणार नाहीत.

पलीकडे आई स्टुलावरून उतरली होती. माइकवरचा काळा टोप तिनं काढून हातात घेतला होता, आणि तो कुठे धुवायला टाकायचा असतो ते मला खुणेनं विचारत होती.